जाळी बसेपर्यंत

गेवराई,
कार्तिक वद्य ८, शके १८४९

चि. उत्तरेश्वर यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. अंजनाच्या पाठीवरून माझा हात फिरव.

मी बोलते आहे आणि राधाकिशन मास्तर लिहीत आहेत. कापसाचं जिन पाडव्याला सुरू झालं. मी यंदाही सरकीच्या खोलीत आहे. नाकातोंडात तूस जातं, रात्रभर खोकला येतो, पण ते काही नवं नाही. नवं ते सांगते.

मंगळवारी छबुबाईचा हात गेला. पालीची छबुबाई तुला आठवत असेल. आपल्या आईच्या तेराव्याला सगळी भांडी एकटीने घासली होती ती. चरखीखालची रुई ओढायला वाकली आणि यंत्राच्या पट्ट्याने पदर धरला. पदरामागे हात गेला. उजवा, कोपरापर्यंत. मी सरकीच्या खोलीतून धावले तोवर बद्रीनाथ मुकादम तिच्यावर ओरडत होता, "पदर आवरून काम करावं का न्हाई? आता शेठनं काय करावं बाई याला?" जखमेला रुईच बांधली आणि बैलगाडीत घालून तिला पालीला धाडून दिली. बुधवारी तिच्या जागी तलवाड्याची एक बाई उभी होती. पट्टा धुऊन काढला होता.

आम्ही कुणीच काही बोललो नाही. मीही बोलले नाही. त्याची लाज वाटते म्हणून हे पत्र.

तुमच्या गिरणीत असं झालं तर काय करतात? तू युनियनमध्ये गेलास असं मागे लिहिलं होतंस. ती काय चीज असते ते मास्तरांनाही नीट सांगता येईना.

भिवरा

(वर माझे नाव आले आहे ते आपल्यापुरतेच ठेवावे. मी सरकारी शाळेचा नोकर आहे. — रा.)


सोलापूर,
२४ नोव्हेंबर १९२७

अक्का, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

तुझं पत्र मिळालं, पण दंड भरून. निजामाच्या मोगलाईचं तिकीट आमच्याकडे चालत नाही, हे मास्तरांना सांग. एवढे शिकलेले, आणि हद्दीच्या अलीकडे तो नुसता रंगीत कागद आहे हे माहीत नाही!

छबुबाईचं वाचून हातातला घास खाली ठेवला. अंजना रडली. पण रडून काय होतं अक्का? तुम्ही लोक रडता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यापाशी उभे राहता. तिकडची हीच रड आहे.

युनियन काय चीज आहे ते सांगतो. माझ्या खिशात एक पावती असते. महिन्याला वर्गणी द्यायची आणि पावतीवर आपलं नाव लिहून घ्यायचं. नाव, अक्का! त्या जिनात तुझं नाव कुणाला ठाऊक आहे? मुकादम तुला 'ए गेवराई' म्हणतो आणि छबुबाईला 'ए पाली'. आमच्या कापूस खात्यातल्या आप्पाची दोन बोटं गेल्या साली गेली. त्याच दिवशी युनियनचा माणूस दवाखान्यात हजर. वकील दिला, भरपाई घेतली. आप्पाला घरी धाडला नाही, दारावर बसल्या कामाला ठेवायला लावला. आणि खात्यातल्या एकूण एक पट्ट्याला लोखंडी जाळी बसली. आता कुणी मुद्दाम हात घालीन म्हटलं तरी जात नाही. हे काही मालकाला दया आली म्हणून झालं नाही. आठशे माणसं एका बोलीने खाली बसली, संप केला, म्हणून झालं.

तुम्हीही एक व्हा. मोगलाईत तसला कायदा नाही, पावती नाही, चार माणसं जमली तरी शिपाई विचारतो, हे मला ठाऊक आहे. पण खंडोबा आहे ना? चंपाषष्ठी सहा दिवसांवर आली. तिथे जमायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. सगळ्यांना देवळात ने आणि बेलभंडारा उचलायला लाव, की पट्ट्याला जाळी बसेपर्यंत जिनाची पायरी चढणार नाही. आपल्याकडचा माणूस कागदावर अंगठा देऊन उलटेल, पण हातात बेल आणि हळद घेऊन देवासमोर बोलला की उलटत नाही. आमच्या पावतीपेक्षा ही पक्की.

भिऊ नकोस. मी आहे, आमची सगळी युनियन आहे.

तुझा
उत्तरेश्वर


गेवराई,
मार्गशीर्ष वद्य ३

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

या वेळी तिकीट तुमच्याकडचं लावलं आहे. मास्तरांनी हद्दीपलीकडे जाणाऱ्या माणसाकडून मागवलं. तू टोमणा मारलास तो त्यांना लागला.

तू सांगितलंस तसं केलं. चंपाषष्ठीला नैवेद्य झाल्यावर मी उभी राहिले. लग्नात नाव घेतल्यापासून चारचौघांत कधी बोलले नव्हते. म्हटलं, "बायांनो, आज छबुबाईचा हात गेला, उद्या माझी पाळी हाय. कोण येतंय माझ्यासंगं?" मग तलवाड्याची ती बाई, जी छबुबाईच्या जागी उभी केली होती, तीच पहिली पुढे आली. तिच्यामागे बाकीच्या. बेचाळीस बाया आणि अकरा गडी. एकेकाने तळहातावर बेल आणि भंडारा घेतला आणि बोललं: पट्ट्याला जाळी बसेपर्यंत आणि छबुबाईला कपाशी निवडायच्या बसल्या कामाला घेईपर्यंत जिनाची पायरी चढणार नाही. कपाळं पिवळी झाली. मी इतकी खूश कधी झाले होते ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला आणि आम्ही सगळ्या वडाखाली बसून राहिलो. बद्रीनाथ आला, म्हणाला, "कावून बसला बे इथं?" मग शिपाई आला. त्याला सांगितलं, देवाचं काम हाय. तो देवाला नमस्कार करून परत गेला.

आज दहा दिवस झाले. चुली अजून पेटतात, पण ज्वारी तळाला गेली. एक काम सांगते. या जिनाच्या रुईच्या गाठी तुमच्याच गिरणीत येतात, असं गाडीवाल्यांनी सांगितलं. तुझ्या युनियनने एवढंच म्हणावं की गेवराईचा तंटा मिटेपर्यंत त्या गाठी आम्ही फोडणार नाही. आठ दिवस जरी तसं झालं तरी शेठ लोहाराला बोलावील. आमच्या जवळ देव आहे, तुमच्या जवळ आठशे माणसं.

उत्तर लवकर दे. मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की माझ्या भावाचं पत्र येणार आहे.

भिवरा

(बाईंनी या कामाला आपण पत्रात वापरलेला शब्द लिहिण्यास सांगितले. मी तो लिहिलेला नाही. 'बसून राहिलो' असे लिहिले आहे. क्षमा असावी. — रा.)


सोलापूर,
१६ जानेवारी १९२८

अक्का, तिळगूळ पाठवतो. गोड मानून घे.

उत्तराला उशीर झाला. रागावली असशील. आधी गिरणीत गडबड, मग अंजनाला ताप. खरं सांगायचं तर तुझं पत्र मी कमिटीपुढे ठेवायचं म्हणून तीन वेळा नेलं आणि तीन वेळा परत आणलं. तिथे मोठी शिकलेली माणसं बसतात. चौथ्या वेळी ठेवलं. चिटणीस भला माणूस आहे, पूर्ण वाचलं. म्हणाला, तुमच्या बहिणीची बाजू न्यायाची आहे, पण ती माणसं आपले सभासद नाहीत आणि मुलूखही आपला नाही. वकील म्हणाला, दुसऱ्याच्या तंट्यासाठी गाठी अडवल्या तर मालक आपल्यालाच कोर्टात खेचील. नियमात बसत नाही, अक्का. नियम आहेत म्हणून तर युनियन आहे, हे तू समजून घे.

तरी सहानुभूतीचा ठराव झाला. एकमताने. नक्कल सोबत जोडली आहे, ती सगळ्यांना वाचून दाखव. आठशे माणसं तुमच्या पाठीशी आहेत हे ऐकून जोर येईल.

परवा तुमच्या जिनाची खूण असलेल्या गाठी आल्या. मीच फोडल्या. आपल्या मातीचा वास आला आणि तुझी फार आठवण झाली. गाठी आल्या म्हणजे तंटा मिटला असणार, असं मी धरून चाललो. जाळी बसली ना? छबुबाईला बसतं काम मिळालं ना? सविस्तर कळव.

तुझा
उत्तरेश्वर


गेवराई,
माघ शुद्ध २

उत्तरेश्वर,

तिळगूळ पोचला. शेजारच्या पोरींना वाटला.

गाठी कशा आल्या ते ऐक. तुझ्या पत्राची वाट बघून सगळ्या थकल्या. रोज संध्याकाळी येऊन विचारायच्या, "भिवराक्का, आलं का वो?" पंचवीस दिवस मी 'उद्या येईल' म्हणत राहिले. मग एका रविवारी बद्रीनाथ एका वाघ्याला घेऊन आला. कुठला कोण, आम्ही कधी पाहिला नव्हता. वडाखाली त्याने चौक भरला, नारळ फोडला आणि सांगितलं, देवाने तुमची शपथ परत घेतली, आता प्रसाद घ्या आणि मोकळ्या व्हा. एक उठली, दोन उठल्या. छबुबाईची सख्खी जाऊ उठली. तलवाड्याची बाई सगळ्यात शेवटी उठली, माझ्याकडे बघून रडली आणि गेली. मी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. घरात लेकरं होती त्यांच्या.

मी प्रसाद घेतला नाही. वाघ्याला विचारलं, "जाळी बसली का?" तो म्हणाला, "ते मला काय ठावं?" म्हटलं, "मंग तू कोन परत घेनारा? मी देवाला जाळी बसेपर्यंत म्हनलं हाय, नारळ फुटेपर्यंत न्हाई."

तर जाळी बसलेली नाही, छबुबाई घरीच आहे आणि त्या पायरीच्या बाहेर मी एकटी आहे. रानात खुरपायलाही कुणी बोलवत नाही. गावातली बरीचशी जमीन शेठच्या सोयऱ्यांची. दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या देवापायी आमची भाकर जाईल." मी चूल वेगळी केली.

तुझा ठराव मास्तरांनी वाचून दाखवला. ऐकायला मीच एकटी होते. चांगला लिहिला आहे.

आणि त्या गाठी तू फोडल्यास. मातीचा वास आला म्हणतोस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आई म्हणायची, ते तुला ऐकवावंसं वाटतं. पण धाकटा आहेस.

मी सोलापूरला येऊ का? तुमच्याकडे रिळावर सूत गुंडाळायला बाया घेतात असं कळलं. दोन वेळची भाकर आणि निजायला कोपरा, एवढंच हवं. नाही म्हणायचं असेल तर तसं लिही. ठराव पाठवू नकोस.

भिवरा


सोलापूर,
११ फेब्रुवारी १९२८

अक्का,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं.

आता ये म्हणता येत नाही. एका खोलीत आम्ही सहा माणसं आहोत आणि अंजनाला सातवा महिना आहे. त्यात मालक पगार कापायला निघाला आहे. या महिना-दोन महिन्यांत संप होणार असं दिसतं. संपाच्या तोंडावर मी नात्यातलं माणूस भरतीला उभं केलं तर लोक काय म्हणतील? मिटू दे, मग मी स्वतः न्यायला येतो.

आणि तू एवढी हट्टाला का पेटली आहेस? संप करावा तसा मागेही घ्यावा लागतो. त्यातच शहाणपण असतं. आमच्याकडे कमिटी बसते, हात वर होतात, मागे घेतला की दुसऱ्या दिवशी माणूस मान वर करून कामाला जातो. त्याला कुणी फितूर म्हणत नाही. तूही जा. सगळ्या गेल्या तशी जा. खंडोबा काही मालकासारखा नाही, तो समजून घेईल.

तुझा
उत्तरेश्वर


सोलापूर,
१५ एप्रिल १९२८

अक्का,

दोन महिने झाले, तुझं एक अक्षर नाही. रागात आहेस हे समजतं. तरी लिहितो, कारण काम तसं आहे.

आमचा संप सुरू होऊन पाचवा आठवडा लागला. युनियन धान्य वाटते, पण पुरत नाही. अंजना अवघडलेली असून दारावर पहाऱ्याला येते. कुणी फुटलं नाही. आणि मालकाने काय करावं? बाहेरून माणसं आणली. तीही कुठून? आपल्या बीडकडून! गेल्या सोमवारी दिवस उगवताना मांजरसुंब्याकडून एक लॉरी आली, वर ताडपत्री टाकलेली. आत बाया आणि गडी, शेळ्या कोंबाव्या तसे. आम्ही लॉरी अडवली. पोलिसांनी त्यांना खाली उतरवून आमच्या मधून चालत आत नेलं. काय सांगू, तोंडं आपल्या मुलखाची, लुगडी आपल्याकडची. शरमेने माझं डोकं फिरलं. बायांनी शेण मारलं, जोडे मारले. एक बाई पदराने तोंड झाकून खाली मान घालून चालली होती. मी ओरडलो, "किती भाकरीला विकली गेलीस गं?" तिने वर पाहिलं नाही. कुणीतरी दगड मारला, तो तिच्या कपाळाला लागला. रक्त आलं, तरी ती न थांबता आत गेली. अशांना काय म्हणावं? माणसाला पोट असतं तशी अब्रू नको?

अक्का, तू गेवराईत आणि तलवाड्यात फिर. तुझा शब्द ऐकतील. म्हणावं, सोलापूरच्या लॉरीत चढू नका. आमच्या पोटावर पाय देऊ नका. आणि मला दोन ओळी लिही. तुझ्यावाचून माझं त्या मुलखात कोण आहे?

तुझा
उत्तरेश्वर


गेवराई,
वैशाख शुद्ध १, शके १८५०

रा. उत्तरेश्वर यांस,

आपल्या भगिनींच्या नावे आलेले पत्र माझ्याकडे पोचले. त्या येथे नाहीत. हनुमान जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी मुकादम बद्रीनाथ याने काही माणसे मांजरसुंब्याला नेली आणि तेथून लॉरीत बसवून सोलापूरला धाडली, त्यांत त्याही गेल्या. कोणत्या कामासाठी ते त्याने सांगितले नव्हते. गिरणीचे नाव मला कळले आहे. ते आपलेच आहे.

पत्र मी फोडून वाचले याबद्दल क्षमा मागत नाही. त्यांच्यासाठी मीच वाचत आलो आहे. ते पुन्हा बंद करून गिरणीच्या पत्त्यावर त्यांच्याकडे पाठवले आहे.

राधाकिशन


सोलापूर, गिरणीचे आवार,
वैशाख वद्य ५

उत्तरेश्वर,

हे पत्र तलवाड्याचा धर्मराज लिहितो आहे. तो लॉरीत माझ्या शेजारी होता. तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून येईल. तिकिटाचा दंड तुला पडू नये.

मास्तरांनी पाठवलेलं तुझं पत्र मला मिळालं. धर्मराजने दोनदा वाचून दाखवलं. मी कुठल्या लॉरीत चढू नये ते त्यात लिहिलं आहेस. ते मला गेवराईतच कळायला हवं होतं.

बद्रीनाथ माझ्या दारात येऊन बसला तेव्हा घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. म्हणाला, "भिवराबाई, तुझी शपथ जिनापुरती हाय ना? सोलापूरच्या गिरनीची पायरी चढायला देवाची काय हरकत हाय?" मी विचार केला. खरंच हरकत नव्हती. तुझ्या गिरणीचं नाव त्याने घेतलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, आणि सांगितलं असतं तर मी थांबले असते का, हे मला माहीत नाही. मी आता खोटं बोलत नाही.

दारात तू दिसलास म्हणून पदर ओढून घेतला. तू बारीक झाला आहेस. मी तुला ओळखलं हे तुला कळू नये असं वाटलं, तुझी चारचौघांत मान खाली जाईल म्हणून. दगड कुणीतरी मारला असं लिहितोस. कुणीतरी नाही. तू मारलास. तुझा डावा हात आहे, लहानपणी आंबे पाडायचास तसाच मारलास. जखम भरली आहे. ती खरं म्हणजे एवढी लागली नव्हती. 'विकली गेलीस' हे लागलं. मला विकत घ्यायला कुणी आलंच नव्हतं रे. मी फुकट पडून होते.

इथे आम्हाला आवारातच निजवतात. पहिल्या दिवशी मला खात्यात नेलं तेव्हा पट्टा दिसला आणि पाय थबकले. मग पाहिलं तर त्याला जाळी. लोखंडी, चांगली जाड. मी तिच्यावरून हात फिरवला. इथला मुकादम ओरडेस्तोवर तिथेच उभी होते. छबुबाईला इथे आणून दाखवावी असं वाटलं. तुम्ही मिळवलीत ती जाळी. तू खोटं सांगितलं नव्हतंस. फक्त ती तुमच्या पट्ट्यापुरती आहे हे सांगायचं राहून गेलं.

काल तुमचा संप मिटला. भोंग्याच्या वेळी तुम्ही सगळे गुलाल उधळत आत आलात. मालक कापणार होता त्याच्या निम्माच पगार कापला जाणार, असं ऐकलं. आणि तडजोडीचं पहिलं कलम ऐकलं ते हे, की बाहेरून आणलेली माणसं आजच्या आज काढावीत. तूही हात वर केला असशील. करायलाच हवा होता. तुमच्या नियमात तो बसतो.

मी गेवराईला जात नाही. पालीला छबुबाईकडे जाते. तिने निरोप धाडला होता, ये म्हणून. तिला एक हात आहे, मला दोन. तीन हातांत दोघींचं भागेल. अंजनाला मुलगा झाला की मुलगी, तेवढं पालीला कळव. बाळंतपणाला मी असायला हवी होते.

एक शेवटचं. मास्तर तो शब्द लिहीत नव्हते. धर्मराजला मी लिहायला लावते आहे. तुमचा संप मागे घेतला, तुमच्याकडे कमिटी आहे. माझा संप अजून चालू आहे. पट्ट्याला जाळी बसलेली नाही आणि मी पायरी चढलेले नाही. त्यात आता मी एकटीच आहे. तो मागे कसा घेतात, हे तुझ्या चिटणिसाला विचारून कळव.

भिवरा